सतरावा प्रश्न आणि साडेसातची गाडी

इंगवल्यांच्या घरातला एक नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच बहुधा तो पाळला जायचा. भांडण असो, सोयरीक असो, नाहीतर कुणाचा रुसवा असो, ते धारेच्या आत, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत मिटवायचं. सोप्याला लागूनच गोठा होता आणि गोठ्यात काजळी नावाची म्हैस होती. माणसांचा आवाज चढला की काजळी पान्हा चोरायची. मग दारातल्या कट्ट्यावर बसून धारोष्ण दूध प्यायला आलेली गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन ताटकळायची आणि पेठेत बोभाटा व्हायचा की इंगवल्यांच्यात आज काहीतरी झालंय. थोरल्या भावकीची वाटणीसुद्धा अशीच पाचला पाच कमी असताना मिटली होती. ती न्यायानं मिटली की म्हशीच्या धाकानं, याबद्दल भावकीत अजून दोन मतं आहेत.

त्या रविवारचा विषय वाटणीपेक्षा अवघड होता. विषय होता संयोगिता.

तीनच्या सुमाराला अक्काताई गडहिंग्लजहून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. पायातलं पायताण काढायच्या आधी तिनं जाहीर केलं, "मी साडेसातच्या गाडीनं माघारी जाणार हाय. आधीच सांगतो. त्याच्या पुढच्या गाडीवर माझा भरोसा न्हाय."

"आधी पाणी तरी पी," पलंगावर मांडी घालून बसलेले तिचे वडील हंबीरराव म्हणाले.

"पाणी पिऊन आलोय, आबा. पोरगी कुठाय?"

"गच्चीवर. डोळं मिटून बसलीय."

"अजून?"

चार महिने झाले होते. पुण्याच्या कंपनीत संयोगिताचं काम असं होतं की जो माणूस नोकरी सोडून चालला आहे त्याला समोर बसवायचं आणि का चाललास, असं गोड आवाजात विचारायचं. तो सांगायचा, कधी रडायचा, ही लिहून घ्यायची आणि कागद एका फायलीत जायचा. ती फाईल कुणी उघडत नाही, हे तिला तीन वर्षांनी कळलं. त्या दिवशी दुपारी तिनं एक कोरा फॉर्म घेतला, वर स्वतःचं नाव घातलं, सगळी उत्तरं भरली, त्याच फायलीत ठेवला आणि कोल्हापूरची गाडी धरली. आता ती रोज गच्चीवर बसून स्वतःच्या आत बघायची. त्यासाठी तिनं एक वही मागवली होती. 'स्वतःचा शोध : एकवीस प्रश्न.' पेठेत बातमी अशी होती की इंगवल्यांच्या पोरीचं काहीतरी आत हरवलंय आणि ते सापडंना झालंय.

संयोगिता खाली आली, वही छातीशी धरून. आत्तीच्या पाया पडली. तिचे वडील विजयसिंह स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. बावीस वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर म्हणून काढल्यामुळं त्यांना रविवारीसुद्धा दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघायची सवय होती. तिथले पाच तारे नेमके कुठं आहेत, हे मात्र त्यांना या बावीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

"सव्वातीन झाल्यात," ते म्हणाले. "मुद्द्याचं बोलूया. आमच्या चौगुले साहेबांनी जागा धरून ठेवलीय. माणसं भरायचं खातं. शिकलीय तेच काम. सहा वाजेपर्यंत हो म्हणून कळवायचंय, उद्या सकाळी नवाला हजर व्हायचं. सहानंतर ती जागा त्यांच्या मेव्हण्याच्या पोराला."

"पप्पा, मला तेच काम परत नको वाटतंय."

"मग कसलं पायजे?"

"तेच तर शोधतीय."

"चार महिने? अगं, आमच्या शॉपमधी हरवलेला पाना चार तासांत सापडला न्हाय तर आम्ही नवा आणतो!"

अक्काताईनं पिशवीतून एक फोटो काढून पलंगावर ठेवला. फोटोतला मुलगा एका मोटारसायकलला टेकून उभा होता. मोटारसायकल जास्त स्पष्ट आली होती.

"पतसंस्थेत हाय. माळावर घर बांधलंय. आई स्वभावानं गरीब हाय, मी स्वतः भांडून बघिटलंय. लग्न झालं की आत काय हाय, भाईर काय हाय, समदं आपोआप कळतंय."

"आत्ती!"

"आत्ती काय आत्ती? तुझ्या वयात मला दोन पोरं होती. आत बघायला सवड कुणाला होती?"

संयोगिताची आई क्रांती चहा घेऊन आली. नवऱ्याच्या बाजूनं बोलावं तर मुलगी दुखावणार, मुलीच्या बाजूनं बोलावं तर नणंद, म्हणून ती चहाच्या बाजूनं बोलली. "गार व्हायच्या आत घ्या." पण कप ठेवताना तिनं फोटो उचलून कपाखाली ठेवला. हंबीररावांनी ते बघितलं आणि सुनेबद्दलचं त्यांचं मत, आधीच चांगलं होतं, ते आणखी चांगलं झालं.

"त्या वहीत काय हाय एवढं?" अक्काताईनं हात पुढं केला. "बघू दे की."

संयोगितानं दिली. काही लपवायचं नसलं की माणूस फार धोकादायक होतो. अक्काताईनं चष्मा लावून पानं उलटली. "लहानपणी काय आवडायचं... लिवलंय. कुणाचा हेवा वाटतो... आयला, इथं माझं नाव हाय!"

"तू गाडीत कुणाशीही बोलू शकतेस म्हणून, आत्ती."

अक्काताईचा चेहरा तेवढ्यापुरता मऊ झाला आणि लगेच पूर्ववत झाला. "ह्ये सतरावं कोरं हाय. कोणतं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही?"

"तिथंच अडलंय," संयोगिता हळू म्हणाली. "मला सगळीकडं वेळ कळतो."

"हात्तिच्या! येवढंच? तुला येत न्हाय तर आमी सांगतो, बघून लिही. इज्या, तू सांग."

विजयसिंहांनी घड्याळ बघितलं. "मला कामावर वेळ कळतो. मिनिटामिनिटाला कळतो."

"क्रांती?"

"घरात कुणी नसतं तेव्हा," क्रांती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

"तर मी लग्न जुळवताना," अक्काताई म्हणाली. "एकदा पेठ वडगावला सकाळी गेलतो, पोरगी पसंत करून भाईर आलो तर दुसरा दिवस उजाडलेला. आता आबांचं इचारायलाच नको. आबांचं उत्तर गोठ्यात बांधलंय. धार काढताना! लिही गं, सतरावं, धार काढताना, हंबीरराव इंगवले."

पंचावन्न वर्षांत हंबीररावांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तर उत्तरसुद्धा दुसऱ्यानंच दिलं होतं. थोरला भाऊ फौजेत गेला, त्या दिवशी वडिलांनी त्यांच्या हातात बादली दिली होती. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. अकरा म्हशींच्या आता तीन राहिल्या होत्या. काजळी, मैना आणि एक जिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

"न्हाय," हंबीरराव म्हणाले.

"काय न्हाय?"

"मला दूध आवडत न्हाय."

क्रांतीनं गोळा केलेले कप परत पलंगावर ठेवले.

"आबा, तुमी रोज सकाळी पेलाभर..."

"पेला मैनेला पाजतो. वास सोसत न्हाय मला. पयल्या दिवसापासनं सोसला न्हाय. धार काढताना तोंडानं श्वास घेतो." हंबीरराव हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होते. "पेठेत कट्टा चालवायचा आणि दुधाला नाक मुरडायचं, कसं दिसलं असतं? म्हणून गप बसलो. पण पोरीनं खरं लिहायला वही आणलीय तर माझ्या नावावर खोटं कशाला लिवतीस?"

"पंचावन्न वर्षं!" विजयसिंह म्हणाले.

"म्हणून तर तुला यातनं सोडवला, लेका. आयटीआयला घातला. म्हटलं, माझं झालं ते झालं, पोराच्या नाकाला तरी सुटका."

विजयसिंह गोठ्याकडं बघत राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, आणि हे फक्त क्रांतीच्या लक्षात आलं.

बाहेर कट्ट्यावर पेल्यांचा आवाज व्हायला लागला होता. पाचला दहा कमी. नियमाप्रमाणं आता सगळ्यांनी आवाज खाली आणायचा, एक तोंडदेखला निकाल लावायचा आणि आबांनी बादली उचलायची. हंबीररावांनी बादलीकडं बघितलं. मग चपला घातल्या, बादलीला वळसा घातला आणि ते बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. गिऱ्हाइकांच्यात.

"आज मी धार काढणार न्हाय," त्यांनी आतल्या दिशेनं सांगितलं. "खरं बोलल्यावर लगेच खोटं वागायला जमत न्हाय. जरा येळ लागंल."

कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं होती. त्यातली काही वीस-वीस वर्षं येत होती, पण आबांना आपल्या शेजारी बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. उद्यमनगरात वर्कशॉप असलेले नेमिनाथ मगदूम जरा सरकले. "काय आबा, बरं न्हाय व्हय?"

"बरं हाय. पंचावन्न वर्षांत पयल्यांदा."

आत गोठ्यात अक्काताईनं पदर खोचला. "माझ्या घरी दोन म्हशी हाईत, मला काय शिकवतासा?" काजळीनं तिला बसू दिलं, कासेला हात लावू दिला आणि मग अगदी सावकाश, कुणालाही इजा न करता, मागचा पाय उचलून बादलीत ठेवला. पेंडीचं आंबोण पुढं केलं, ते खाल्लं. पाय काढला नाही. क्रांतीनं प्रयत्न करायच्या आधीच काजळीनं तिच्याकडं असं बघितलं की ती म्हणाली, "मी पेले विसळते."

पाच वाजून गेले. बाहेर कुजबुज वाढली. "ह्या लोकांना काहीतरी सांगायला पायजे," अक्काताई म्हणाली. "संयू, जा गं, गप्पात गुंतवून ठेव त्यांना. पाचच मिनिटं. आणि सहाचं ध्यानात ठेव!"

संयोगिता वही हातात घेऊन बाहेर आली. वीस माणसं तिच्याकडं बघत होती आणि वीस पेले रिकामे होते. पुण्यात ती एका वेळी एकाच दुःखी माणसाला सामोरी जायची. तिनं आबांकडं बघितलं. आबांनी खांदे उडवले, मी पण गिऱ्हाईकच आहे, अशा अर्थानं. मग तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं वही उघडली.

"दूध यायला वेळ आहे. तोवर एक विचारू का? कोणतं काम करताना तुम्हाला वेळ कळत नाही?"

"परीक्षा हाय काय?" एक टेम्पोवाला म्हणाला.

"पास हुयाचं किती मार्कांत?" दुसरा.

हसण्याची एक लाट येऊन गेली. ती ओसरल्यावर कोपऱ्यातून शालूबाई बोलल्या. शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक बावीस वर्षं करून त्या दोन वर्षांपूर्वी घरी बसल्या होत्या. दुधाचा पेला त्या अर्धाच प्यायच्या आणि सगळ्यात उशिरा उठायच्या.

"मी सांगतो, पोरी. दोनशे पोरांचा भात टाकला की मला दिवस कधी गेला कळत न्हवतं. आता दोघांचा टाकतो. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला तीन तास लागल्यागत वाटतंय."

"मग परत का नाही करत?"

"कोण बोलवतंय म्हातारीला?"

संयोगितानं लिहून घेतलं. सवयीनं पुढचा प्रश्न आला, आणि हा फॉर्ममधला नव्हता. "दोनशेचा अंदाज कसा घ्यायचा तुम्ही? मापानं?"

शालूबाई सरळ बसल्या. "मापानं? अगं, वासानं! तांदूळ नवा हाय का जुना..." आणि त्या सुरू झाल्या. टेम्पोवाल्यानं मध्येच सांगितलं की त्याला घाटातली वळणं मोजायला आवडतात. एक रिटायर्ड पोस्टमन म्हणाला की त्याला लोकांची अक्षरं आठवतात, माणसं आठवत नाहीत. संयोगिता दर उत्तराला आणखी एक प्रश्न विचारत होती आणि ज्याला विचारला तो विचार करून, आभाळाकडं बघून, खरं सांगत होता. ज्याला अजून विचारलं नव्हतं, तो खाकरून जागा बदलत होता.

हंबीरराव बघत होते. नात गच्चीवर डोळे मिटून बसायची तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी असायची. ती आता नव्हती. आणि त्यांना जाणवलं की आपणही किती वेळ ऐकतोय, ते आपल्याला माहीत नाही. ही माणसं रोज यायची, बोलायची. आपण पाठमोरे बसून तोंडानं श्वास घेत ती सगळी बोलणी ऐकायचो, आणि धार संपली की उगाच चुकचुकल्यासारखं व्हायचं. दुधासाठी नव्हतं होत ते.

तेवढ्यात गोठ्यातून एक आवाज आला. गुणगुणल्यासारखा, खालच्या पट्टीतला. "हं... हं... ये माझी बाई... हं..."

हंबीरराव उठून दाराशी गेले. विजयसिंहांनी मनगटातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं, शेजारी फोन. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते काजळीला बिलगून बसले होते, डोकं तिच्या पोटाला टेकवून. काजळीचा पाय बादलीतून केव्हाच बाहेर आला होता. धारेचा आवाज आधी पत्र्यावर पडल्यासारखा आणि मग फेसात बुडाल्यासारखा येत होता.

"ह्यो आवाज तुला अजून येतोय?" हंबीररावांनी विचारलं.

"आयटीआयला जायच्या आधी रोज सकाळची धार मीच काढायचो की. तुमी बादली काढून घेतली तोवर."

"मी तुला सोडवलं, लेका."

"व्हय, आबा." विजयसिंहांनी डोकं उचललं नाही. "मला सुटायचं हाय का, असं इचारलं न्हवतं. पण तुमी एवढ्या मायेनं सोडवलं की न्हाय म्हणवंना."

हंबीरराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. नावडतं काम त्यांनी पंचावन्न वर्षं स्वतः केलं आणि आवडतं काम पोराच्या हातून काढून घेतलं, तेही चांगलं म्हणून. मनात कुठंतरी हसू आलं आणि कुठंतरी कळ. दोन्ही एकदम आल्यामुळं त्यांना ठसका लागला.

"सकाळची बी काढशील?" त्यांनी विचारलं.

"सात पंधराची बस असती कंपनीची. साडेपाचला काढून जाईन." मग थोडं थांबून, "आणि तिसरीचं नाव ठेवतो. इतकी वर्षं बिननावाची ठेवलीय बिचारी."

खिडकीतला फोन वाजला. चौगुले साहेब. विजयसिंहांनी ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा क्रांतीनं ओले हात पदराला पुसून उचलला.

"ते धारेला बसलेत," ती म्हणाली.

पलीकडून साहेबांनी नाव पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"हो, विजयसिंहच. ... संयोगिता? ती पण कामात आहे." क्रांतीनं बाहेर बघितलं. लेकीचे केस तोंडावर आले होते, ती वहीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा लिहीत होती. "नाही साहेब, आता नाही उठवता येणार तिला. तुमच्या मेव्हण्याच्या पोराला सांगा. त्याला आमच्या शुभेच्छा."

फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं चहाच्या कपाखालचा फोटो काढला, पुसला आणि अक्काताईच्या पिशवीत सगळ्यात तळाशी ठेवला.

बाहेर दूध आलं होतं, पण भरलेले पेले तोंडाला लावायला कुणाला सवड नव्हती. कारण संयोगिता नेमिनाथांवर आली होती.

"मला येळ कळत न्हाय असं काम न्हाय," नेमिनाथ म्हणत होते. "येळ खाणारं काम इचार. माझ्याकडं तीस पोरं हाईत. भाईरचं खाऊन निम्मी पोटं धरून बसत्यात. घरच्यागत सैपाक करणारं माणूस सहा महिने शोधतोय. जाहिरात दिली, चिठ्ठ्या लावल्या. कोण मिळंना."

संयोगितानं वही मिटली. नेमिनाथांकडं बघितलं. मग दहा हातांवर बसलेल्या शालूबाईंकडं बघितलं. दोघं पाच वर्षं रोज संध्याकाळी याच कट्ट्यावर बसत होती आणि एकमेकांना फक्त "फेस चांगला आलाय" एवढंच म्हणाली होती.

"शालूबाई," ती म्हणाली, "तीस म्हणजे तुम्हाला फार कमी पडतील का?"

शालूबाईंनी पेला खाली ठेवला.

"पोरं खात्यात व्यवस्थित?" त्यांनी नेमिनाथांना विचारलं. "टाकत न्हाईत न्हवं?"

"टाकली तर तुमी सांगा मला."

"मला सैपाकघर बगायला पायजे आधी. आणि तांदूळ मी निवडणार."

"उद्या येतासा?"

"उद्या कशाला?" शालूबाई उठून उभ्या राहिल्या. "वर्कशॉप कुठं पळून चाललंय? आत्ताच बगू की!"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या सगळ्यात आधी उठल्या. पेला मात्र उठल्यावर एका दमात पूर्ण रिकामा केला. नेमिनाथ जाता जाता वळले. "पोरी, तुझ्या त्या वहीत एखादा लेथवरचा म्हातारा मिस्त्री घावला तर कळव. न्हाय घावला तर उद्या परत इचार सगळ्यांना. तुझं कष्ट फुकट जाणार न्हाईत."

"आणि मला ड्रायव्हर," टेम्पोवाला म्हणाला. "वळणं मोजणारा नको. मी हाय तेवढा बास."

बहुतेक गिऱ्हाइकं पांगली. संयोगिता हातातल्या वहीकडं बघत राहिली. एकवीस प्रश्नांच्या मागच्या कोऱ्या पानांवर सोळा नावं होती. तिनं मान वर केली तेव्हा दिवे लागले होते आणि ती एकदम ओरडली, "पप्पा! सहा!"

"काय सहा?" विजयसिंह बादली विसळत म्हणाले. "मैना अजून व्हायचीय."

"चौगुले साहेब! किती वाजले?"

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घड्याळ खिडकीत पडून होतं. क्रांतीनं ते उचलून वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "पावणेआठ."

संयोगिता कट्ट्यावर मटकन बसली. आधी तिचा चेहरा रडवेला झाला. मग तिनं वही उघडली, सतराव्या प्रश्नाच्या पानावर आली आणि तिथल्या कोऱ्या ओळींकडं बघत एकदम हसायला लागली. हंबीररावांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. सातवीपर्यंतचं त्यांचं अक्षर टपोरं होतं. त्यांनी कोऱ्या ओळीवर लिहिलं, 'पावणेआठ'. आणि खाली सही केली.

"आता हे किती दिवस चालणार?" विजयसिंहांनी विचारलं. पण हात पुसताना विचारलेला प्रश्न होता तो, त्याला धार नव्हती. "पगार देतंय कोण याला?"

"मगदूम काय म्हणाला ऐकलं न्हाईस?" हंबीरराव म्हणाले. "आणि बावीस वर्षं पगार घेऊन तुला तरी आवडीचं काम घावलं? बग जरा तिचं बी. कट्टा हाय, माणसं हाईत. तुझं दूध हाय." ते परत बाहेर जाऊन गिऱ्हाइकाच्या जागेवर टेकले. क्रांतीनं सवयीनं दुधाचा पेला पुढं केला, तसे ते मागं सरकले. "मला चहा सांग गं. आता काय लपवायचं?"

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अक्काताई होती. पोस्टमनच्या भाच्यासाठी स्थळ बघायचं होतं, त्याचं शिक्षण, उंची, शेतीतलं पाणी, सगळं ती दीड तास विचारत होती. पोस्टमन घामाघूम झाला होता आणि पोरगा जवळजवळ ठरला होता. 'पावणेआठ' हा शब्द तिच्या कानात आता कुठं पोचला.

"माझी गाडी!" ती किंचाळली.

साडेसातची गडहिंग्लज गाडी साडेसातला गेली होती. त्या अख्ख्या रविवारात वेळेवर झालेली ती एकच गोष्ट.